मारहाण-धमकीच्या केससाठी क्रिमिनल वकील केला, काही महिन्यांनंतरचा अनुभव

सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं, धक्काबुक्की दोन्हीकडून झाली, पण पोलीस स्टेशनला समोरचा आधी पोचला आणि माझा मोठा भाऊ आरोपी झाला. कलमं लागली बीएनएसची (नवीन भारतीय न्याय संहिता) ११५(२) मारहाण, ३५२ मुद्दाम अपमान, ३५१(२) धमकी, म्हणजे जुन्या आयपीसीची ३२३, ५०४, ५०६, आणि वरून ११८(१), कारण फिर्यादीत 'हेल्मेटने मारलं' असं लिहिलंय. पहिली तीनच असती तर एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) भागलं असतं, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. ११८(१) म्हणजे हत्याराने किंवा घातक वस्तूने दुखापत, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, म्हणून डायरेक्ट एफआयआर. अख्खी केस त्या एका हेल्मेटवर उभी आहे हे वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत फिर्याद वाचून सांगितलं. आधी ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांनी फिर्याद हातात पण घेतली नव्हती, 'सगळं मॅनेज होईल' एवढंच. म्हणून वकीलपत्र मॅडमना दिलं.

ओळखीचे सगळे अटकपूर्व जामीन काढा म्हणून मागे लागले होते. मॅडमनी अर्ज तयार ठेवला पण घाई केली नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय, आता बीएनएसएस (नवीन फौजदारी प्रक्रियेचा कायदा) ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात, तशीच ती आली. दादा ठरलेल्या वेळेला गेला, नोटिशीच्या पोचवर तारीख टाकून सही केली, आणि मॅडमनी बजावलं होतं तसं विचारलं तेवढंच बोलला. नोटीस आल्यावर गेलंच नाही तर मात्र त्याच कारणाने अटक होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

आता सगळ्यात भारी काम कुठलं झालं ते सांगते. सोसायटीचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मशीन) जुनं फुटेज पुसून त्यावरच नवीन रेकॉर्ड करतो, आणि पोलीस ते घ्यायला कधी येतील याचा भरवसा नाही. मॅडमनी त्याच आठवड्यात ज्युनिअरला पाठवून कमिटीला लेखी पत्र दिलं, या तारखेचं संध्याकाळी ७ ते ९ चं फुटेज जपून ठेवा, आणि कॉपीवर सोसायटीचा शिक्का घेतला. त्या पोराने अजून एक केलं, डीव्हीआरचं घड्याळ पुढे होतं तर स्क्रीन आणि शेजारी मोबाईलवरची वेळ असा एकाच फ्रेममध्ये फोटो काढून ठेवला, नाहीतर नंतर वेळ जुळत नाही म्हणून त्यावरच वाद झाला असता. फुटेजमध्ये ढकलाढकली दिसते, ती आम्ही नाकारत नाही, पण हेल्मेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्कूटरच्या आरशालाच अडकवलेलं आहे. नुसता पेनड्राईव्ह मात्र कोर्टात चालत नाही, नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईलमध्ये बदल झालेला नाही हे तपासायचा कोड) येते आणि एक भाग एक्सपर्टने भरायचा असतो. त्याचा खर्च वेगळा झाला.

धमकीचं म्हणाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवरचा 'बघून घेईन' एवढाच एक मेसेज. मॅडमनी काही डिलीट करू दिलं नाही, स्क्रीनशॉटही नको म्हणाल्या, अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून घेतलं कारण आधी समोरून काय आलं होतं आणि नंतर दोघं काय बोलले हे दिसल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ लागत नाही, आणि कलम ३५१ ला भीती घालायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो.

अजून एका गोष्टीसाठी त्यांना मनापासून मानते. सोसायटीतल्या दोघा-तिघांनी सल्ला दिला की वहिनीला पुढे करा, विनयभंगाची क्रॉस कंप्लेंट टाका, ७४ लागलं की समोरचा आपोआप लायनीवर येतो. मॅडम म्हणाल्या, असं काही घडलंय का? नाही ना, मग माझ्याकडून होणार नाही. खोटी केस टाकणं हा स्वतःच गुन्हा आहे, कलम २४८. आणि जिच्यावर खरंच हात टाकला जातो तिचं पोलीस स्टेशनला कोणी ऐकत नाही ते अशाच लोकांमुळे. वहिनी केबिनमध्येच रडली, तिला नकोच होतं ते.

न आवडलेलं पण लिहिते. फोन उचलत नाहीत, मेसेज टाकून दिवसभर वाट बघायची. साध्या तारखेला ज्युनिअर येतो, त्याला कधीकधी फाईलमधलं माहीत नसतं. पुढची तारीख मी ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकून स्वतःच बघते, हजेरी माफीचा अर्ज हवा असेल तर आदल्या दिवशी आठवण करते. फी मात्र टप्प्याटप्प्याने ठरवली होती आणि प्रत्येक वेळी पावती मिळाली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, महिला, एससी-एसटी आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच आहे.

चार्जशीट आलंय, त्याची कॉपी फुकट मिळते. जखमेच्या दाखल्यात साधी दुखापत लिहिलीय. समोरच्या घरातले वडीलधारे आता मिटवू म्हणतायत, दादाही तयार आहे. पण ११८(१) इथल्या कोर्टात आपसात मिटत नाही, त्यासाठी दोघांच्या संमतीने हायकोर्टात बीएनएसएस कलम ५२८ खाली केस रद्द करून घ्यायला जावं लागेल. तिथला वकील वेगळा, फी वेगळी, हे मॅडमनी सुरुवातीलाच कागदावर लिहून दिलं होतं.