फायर ब्लँकेट: दिवाळीच्या फराळापासून गणपतीच्या मोदकांपर्यंत

गेल्या दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरासाठी दोन वस्तू घेतल्या. एक मीटर बाय एक मीटरचं फायबरग्लासचं फायर ब्लँकेट, म्हणजे आगीवर टाकून तिची हवा तोडायचं कापड, आणि आग विझवायचा एक किलोचा एबीसी पावडरचा (बऱ्याच प्रकारच्या आगींवर चालणारा) सिलिंडर. आता गणपतीचे तळणीचे मोदकही होऊन गेले, म्हणून लिहितेय. घरात आग लागलेली नाही, पण सोसायटीच्या फायर ड्रिलमध्ये ब्लँकेट खऱ्या आगीवर टाकून बघता आलं.

एजन्सीच्या माणसाने पार्किंगमध्ये लोखंडी कढईत तेल तापवत ठेवलं. आधी पातळ धूर, मग डोळ्यांना झोंबणारा दाट धूर, आणि मग काडी न लावताच भडका. तळण साधारण १८० अंशांवर होतं आणि तेल आपोआप पेट घेतं ते ३५०च्या आसपास. म्हणजे मधला बराच वेळ धूर ओरडून सांगत असतो. धूर दिसला की गॅस बंद, एवढं जरी घरात सगळ्यांनी पाळलं तरी ब्लँकेट पिशवीतच राहील.

ब्लँकेटच्या दोन पट्ट्या धरून ओढायच्या, वरची कड आपल्या हातांवर दुमडून घ्यायची म्हणजे बोटं झाकली जातात, आणि ते समोर ढालीसारखं धरून आपल्या बाजूने पलीकडे सोडायचं. फेकायचं नाही. ज्वाळा लगेच दिसेनाशा झाल्या. मला वाटलं संपलं. त्या माणसाने मुद्दाम थोड्या वेळाने लांब काठीने एक कोपरा उचलला, आणि हवा लागताच तेल परत पेटलं. आग विझली तरी तेल तेवढंच तापलेलं असतं. घरी असं झालं तर गॅस बंद करून निदान अर्धा तास झाकण तसंच ठेवायचं, आणि कढई उचलून मोरीकडे पळायचं तर अजिबात नाही.

आता घरातला अनुभव. पिशवी आधी शेगडीच्या वरच्या टाइलवर लावली होती, पण आग शेगडीवर असेल तर तिथे हात घालणार कसा? म्हणून दाराजवळ हलवली. तिथेही फोडणीची वाफ पोचतेच. काही महिन्यांत पिशवीवर चिकट पिवळट थर बसला आणि पट्ट्या पिशवीला चिकटल्या. अधूनमधून पुसून, पट्ट्या मोकळ्या आहेत ना ते बघावं लागतं. कापडाची कूस हाताला लागली की खाज सुटते. आणि एकदा आगीवर वापरलं की ते टाकूनच द्यायचं, त्यामुळे ड्रिलनंतर दुसरं घ्यावं लागलं.

एक अडचण विकणारा सांगत नाही. चकलीच्या मोठ्या कढईत झारा तसाच उभा राहिला तर ब्लँकेटचा तंबू होतो आणि बाजूने हवा जाते. शिवाय कापडाची कड शेजारच्या बर्नरवर पडते, म्हणून सगळेच बर्नर बंद हवेत. खरं सांगायचं तर छोट्या कढईला ब्लँकेटची गरजच नाही. तिच्यापेक्षा मोठी स्टीलची ताटली किंवा परात हाताशी असली की बाजूने सरकवून झाकता येते. आमच्याकडे तळण असलं की ती आधी ओट्यावर येते, मग तेल. काचेचं झाकण मात्र नको, ते तडकतं.

पावडरच्या सिलिंडरवर मी नाराज आहे. दुकानदाराने ‘किचनला एकदम बेस्ट’ म्हणून गळ्यात मारला. त्याचा फवारा जवळून मारला तर पेटतं तेलच उडू शकतं, आणि पावडर तेलाला थंड करत नाही. तळणाच्या तेलासाठी वेट केमिकलचा, ‘के’ म्हणून विकला जाणारा सिलिंडर असतो. त्यातल्या क्षारांमुळे तेलावर साबणासारखा फेस धरतो आणि तेल थंडही होतं. तो महाग आहे. आमचा पावडरवाला आता हॉलमध्ये मीटरजवळ आहे, तिथे त्याचा उपयोग आहे. त्याच्यावरच्या दाबमापकाची सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना, तेवढं बघते.

पाण्याबद्दल घरातल्या थोरांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. सासूबाई म्हणाल्या, “मग पीठ टाकू?” पीठ तर त्याहून वाईट, हवेत उडालं की तेच भडकतं.

चिमणीच्या जाळ्या आता फराळाच्या आधी गरम पाणी आणि सोड्यात भिजवते. कढईचा भडका वर गेला तर पहिल्यांदा तिथलंच तेल पेटणार. आणि ज्वाळा चिमणीत शिरल्या असतील तर ब्लँकेटच्या नादी लागू नका. माणसांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ लावा.