ऑडिशन फुकट, मग पैसे कशाचे?

‘मॉडेल पाहिजेत. वय ५ ते २८. अनुभवाची गरज नाही. ऑडिशन फुकट.’ खाली एक मोबाइल नंबर आणि तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयाचं नाव. पुसद असो, मूर्तिजापूर असो की वरोरा, असा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो तो बहुधा दिवाळीनंतर, कापसाचा चुकारा घरात आलेला असतो तेव्हा. ऑडिशनला खरोखरच रुपया घेत नाहीत. लाल चटईचा रॅम्प, दोन मोठे दिवे, कॅमेरा, टाय लावलेले दोघं-तिघं. पोरगी चालून दाखवते, नाव सांगते, आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो की तुमचं सिलेक्शन झालं. हा फोन ऑडिशनला आलेल्या एकूण एकाला जातो.

पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला. आधी नोंदणीचे हजार-दीड हजार. मग पोर्टफोलिओ, म्हणजे मॉडेलच्या फोटोंचा संच, पंधरा ते चाळीस हजार. मग नागपूरला हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं ग्रूमिंग, म्हणजे चालण्या-बोलण्या-दिसण्याची शिकवणी, त्याचे वेगळे. मग स्पर्धा, जिथे प्रत्येकीने पाचशेची वीस तिकिटं खपवायची आणि न खपलेली आपल्या खिशातून भरायची. शेवटी मुकुट, सॅश आणि ‘मुंबई फायनल’चा नवा आकडा. एकदम लाख मागितले तर बाप उठून जाईल, म्हणून रक्कम तुकड्यांत मागतात, आणि प्रत्येक तुकड्याला आधीचे पैसे बुडण्याची भीती बांधलेली असते. घरात मग बोलणं होतं ते असं: ‘एवढे भरले नं आपण, आता पाच हजारासाठी काऊन अडता?’ बचत गटाचं कर्ज उचललं जातं, बकऱ्या विकल्या जातात.

या धंद्याचा व्यवहार ठाऊक असलेल्याला पहिल्याच पावतीत खोट दिसते. कपड्यांची कंपनी एजन्सीला पैसे देते, एजन्सी आपलं कमिशन, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास, कापून घेते आणि उरलेले मॉडेलला देते. तेही बऱ्याचदा शूटनंतर दोन-तीन महिन्यांनी. मॉडेलकडून आधीच पैसे घेणारा माणूस फोटो विकतो, तिकिटं विकतो. द्यायला काम त्याच्याकडे नसतंच. ‘महिना चाळीस हजार पगार’ हीसुद्धा थापच. मॉडेलिंगमध्ये दिवसाचे पैसे असतात, आणि दोन कामांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांचं मुंबईतलं खोलीभाडं ज्याचं त्याने भरायचं असतं.

पोर्टफोलिओवर थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत मोठी रक्कम तिथे जाते. तालुक्याच्या स्टुडिओत काढलेले हे फोटो म्हणजे नवरीचा मेकअप, भाड्याचा घागरा, मागे रंगीत पडदा आणि कॉम्प्युटरवर घासून गुळगुळीत केलेली त्वचा. एजन्सीला यातलं काहीच नको असतं. नव्या चेहऱ्याकडून ती मागते साधे फोटो, ज्यांना धंद्यात पोलरॉइड किंवा डिजिटल म्हणतात. पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, अंगासरशी बसणारा साधा टी-शर्ट आणि जीन्स, मेकअप नाही, केस मागे बांधलेले. समोरून चेहरा, एका बाजूने चेहरा, डोक्यापासून पायापर्यंत समोरून आणि बाजूने. मोबाइल चालतो, फिल्टर चालत नाही. सोबत उंची, छाती, कंबर, नितंब यांची मापं आणि बुटाचा नंबर. एवढं ईमेलने पाठवायला खर्च शून्य.

उंचीचंही तसंच. रॅम्पसाठी एजन्सी मुलींमध्ये साधारण ५ फूट ८ इंच आणि मुलांमध्ये ६ फूट शोधतात. कॅटलॉगला, म्हणजे साड्या-कुर्त्यांच्या फोटोंना, कमी उंची चालते. ज्या ऑडिशनमध्ये कोणी टेप काढलीच नाही आणि तरी ‘फॅशन वीकला पाठवू’ म्हणाले, तिथे मुलगी पारखलीच गेली नाही.

कागदांवर गावाकडे फार विश्वास. स्टॅम्प पेपर दिसला की करार पक्का वाटतो, पण स्टॅम्प पेपर एवढंच सांगतो की सरकारला मुद्रांक शुल्क भरलं; आत लिहिलेलं खरं आहे याची हमी कोणी देत नाही. ‘अठरा टक्के जीएसटी’ मागितला तर पावतीवर नंबर बघा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कोणालाही तपासता येतो. नंबरच नसेल तर जीएसटीच्या नावाने घेतलेले पैसे सरळ खिशात. ‘पेमेंट अडकलंय, आधी टीडीएस भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर. तो पैसे देणारा कापतो, मॉडेल आगाऊ भरत नाही.

हे जाळं चालतं कारण मॉडेल या शब्दाची किंमत बदलली. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या तेव्हापासून स्पर्धेचा मुकुट ही सिनेमाची शिडी वाटू लागली. जे काम सांगायला आधी घरं लाजायची, त्याचे बॅनर आता चौकात लागतात. खऱ्या बाजारात मात्र मोठ्या जाहिराती सिनेमा-क्रिकेटच्या ताऱ्यांकडे गेल्या आणि छोट्या जाहिराती रीलवाल्यांकडे. नवख्यांना मिळणाऱ्या कॅटलॉगच्या कामावर आता संगणकाने बनवलेले चेहरे येऊ लागलेत. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने २०२५ मध्ये ३० मॉडेलांची डिजिटल रूपं बनवणार असल्याचं जाहीर केलं, त्या मॉडेलांच्या परवानगीने. म्हणून करारातलं ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, कोणत्याही स्वरूपात’ हे वाक्य शोधा आणि खोडायला लावा. असं डिजिटल रूप बनवायला लागणारा, मान चारही बाजूंना फिरवून काढलेला चेहऱ्याचा व्हिडिओ अशाच सहीखाली मागतात. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने मॉडेलकडून आगाऊ फी घेण्यावर बंदी घातली, कमिशन वीस टक्क्यांवर अडवलं आणि डिजिटल रूपासाठी वेगळी लेखी संमती सक्तीची केली. तुमच्या हातातला कागद या तीन गोष्टींवर घासून बघा.

लेकरांच्या बाबतीत आपला कायदा स्पष्ट आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीत घेणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. ‘लेकरू टीव्हीवर दिसल’ म्हणणाऱ्याकडे परवानगीची प्रत मागा.

सगळ्यात वाईट फसवणूक पैशांची नसते. ‘ब्रँडला बॉडी शॉट हवा’ म्हणत व्हिडिओ कॉलवर कपडे उतरवायला लावतात, रेकॉर्ड करतात आणि मग धमकावतात. एकदा पैसे दिले की मागणी वाढते. असं घडलं तर चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन लावा, सकाळची वाट पाहू नका. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात उडत जाते आणि गोठवता येते ती वाटेत असेपर्यंतच. यूपीआयचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, जवळ ठेवा. रोख दिलं असेल तर पावती, नाहीतर निदान तारीख, जागा आणि सोबत कोण होतं ते लिहून काढा. तक्रार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे झिरो एफआयआर म्हणून, नोंदवता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यात ‘फोटो तं दिले नं त्यांनी, हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं ऐकावं लागलं तर जिल्हा ग्राहक आयोग उघडा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं.

आणि घरी पोरीला ‘तुलेच हौस होती’ म्हणू नका. ते ऐकावं लागेल या भीतीनेच ती दुसरा हप्ता मैत्रिणीकडून उसना घेऊन भरते, आणि घरात कळतं तेव्हा तिसराही गेलेला असतो.