ऑफिसमधलं टेन्शन कमी करणारा सहा आठवड्यांचा प्रोग्रॅम, माझा अनुभव

आमच्या अंधेरी ईस्टच्या ऑफिसने स्टाफचा ताण कमी करायला बाहेरची एक संस्था सहा आठवडे बोलावली होती. थोडी तक्रारही आहे म्हणून नाव देत नाही. मला वाटलेलं परत तेच, डोळे मिटा, खोल श्वास घ्या आणि मग जागेवर जाऊन मेलचा ढीग उपसा. पण पहिल्याच दिवशी त्यांच्या मॅडमनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, नाव न टाकता लिहा, महिन्यातला कुठला दिवस नकोसा होतो.

आम्ही अकाउंट्सवाले, म्हणजे ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला टॅक्स भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न, २० ला ३बी हे जीएसटीचं दुसरं रिटर्न, आणि सेल्सवाले बिलं आणून टाकणार १० च्या संध्याकाळी. आमच्या नऊपैकी सात चिठ्ठ्यांवर '१०' होतं. मॅडमनी त्या फळ्यावर एकाखाली एक लावल्या आणि सेल्सच्या हेडना बघायला बोलावलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग ठरलं, बिलं ५ तारखेपर्यंतच घ्यायची. मॅडम म्हणाल्या की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद केली ती कामाशी जोडूनच, आजार म्हणून नाही, त्यामुळे माणसाला दुरुस्त करायच्या आधी काम कसं चाललंय ते बघू. इतकी वर्षं मला वाटायचं मीच कमी पडते, त्यामुळे हे ऐकून खरंच भरून आलं.

दुसरं म्हणजे ज्यांना हवं त्यांना आठ ते साडेचारची वेळ मिळाली. मी नालासोपाऱ्याची, संध्याकाळी सातला अंधेरीहून विरार लोकल पकडणं काय असतं ते लाइनवाल्यांनाच कळेल. गेल्या १० तारखेला मी साडेसहाला घरी, मेथी निवडायला बसले तर सासूबाई विचारतात, बरं नाही का गं तुला?

आता तक्रार. काउन्सेलिंग ठेवलं काचेच्या केबिनमध्ये, तेही एचआरच्या बरोबर समोर, कोण जाऊन बसणार तिथे? आमच्यातले दोघंच गेले, तेही लंचमध्ये. संस्थेचं ॲप सगळं इंग्लिशमध्ये, मी तरी दोन दिवसांत काढून टाकलं. त्यापेक्षा पँट्रीत लावलेला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कामाचा, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

सगळ्यात खटकलं ते हे की हाउसकीपिंगच्या मावशींना चिठ्ठीच दिली नाही, कॉन्ट्रॅक्टवर आहेत म्हणून. त्या सकाळी सातला येतात आणि आमच्या मीटिंग संपेपर्यंत, केबिन रिकामी होईपर्यंत थांबतात. तुमच्या ऑफिसात असं काही येणार असेल तर चिठ्ठ्या वाटायच्या आधीच त्यांची नावं यादीत घालायला सांगा. मी आमच्या एचआरला मेल केलाय, अजून उत्तर नाही, सोमवारी जाऊन भेटणार आहे.