आधी बादली, मग छिन्नी : घरच्या तलावाची गळती शोधणाऱ्या सेवेचा अनुभव

मढ येथील आमच्या घराच्या मागच्या अंगणात 8 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव आहे. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला, म्हणून 11 वर्षांपूर्वी तो बांधून घेतला. (घरात त्याला कोणी 'पूल' म्हणत नाही, तसे म्हटले की सासूबाई 'कुठला पूल पडला?' असे दचकून विचारतात.) गेल्या मार्चपासून त्याचे पाणी रोज दिसेल इतके उतरू लागले आणि मे महिन्यापर्यंत दर दहा दिवसांनी 10,000 लिटरचा टँकर मागवण्याची पाळी आली. टँकरचे पाणी बोअरवेलचे आणि लोहयुक्त असल्याने क्लोरीन टाकताच ते चहासारखे तांबूस होई, तो त्रास वेगळाच.

प्रथम बोलावलेल्या ठेकेदाराने काठावर उभे राहूनच निदान केले. तळाचा स्लॅब आणि भिंत यांच्यातला सांधा फुटला आहे, तलाव पूर्ण रिकामा करून सगळ्या लाद्या काढाव्या लागतील आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल, असे सांगून त्याने साडेचार लाखांचा अंदाज आणि सहा आठवड्यांची मुदत दिली. पाणी मोजण्याचा विषयही त्याने काढला नाही. शंका आली म्हणून एका परिचितांच्या सांगण्यावरून अंधेरीच्या एका लहान सेवासंस्थेला विचारले. हा अभिप्राय तिच्याविषयी आहे. दोघांचीही नावे मी मुद्दाम देत नाही, कारण वाचकाच्या उपयोगाची आहे ती कामाची पद्धत, आणि ती पाहून कोणत्याही ठेकेदाराची पारख करता येते.

संस्थेचे पर्यवेक्षक वेसाव्याहून फेरीबोटीने आले, तेही ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा. हत्यारांच्या पिशवीतून त्यांनी सर्वांत आधी काढली ती एक साधी प्लास्टिकची बादली. ती तलावाच्या पायरीवर ठेवून त्यांनी तलावाच्या पातळीइतके पाणी तिच्यात भरले आणि आत-बाहेर दोन्हीकडे पेन्सिलीने खुणा केल्या. ऊन आणि वारा दोन्ही पाण्यांना सारखाच लागतो, त्यामुळे बादलीतले पाणी जितके उतरेल तितके बाष्पीभवनाचे आणि तलावातले त्याहून जितके जास्त उतरेल तितके गळतीचे, असा हा सरळ हिशेब आहे. ही चाचणी त्यांनी एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस पंप बंद ठेवून घ्यायला लावली.

बादलीतले पाणी दोन्ही दिवशी सुमारे अर्धा सेंटिमीटर उतरले. तलावातले पाणी मात्र पंप चालू असताना साडेतीन आणि बंद असताना दीड सेंटिमीटर उतरले. आमच्या तलावाच्या पृष्ठभागावर एक सेंटिमीटर म्हणजे 320 लिटर. म्हणजे पंप चालू असलेल्या दिवशी बाष्पीभवन वगळून सुमारे 960 लिटर पाणी कुठेतरी जात होते, आणि टँकरचा दहा दिवसांचा फेरा इथेच उलगडला. त्यातले दोन तृतीयांश पाणी केवळ पंप चालू असताना जात होते, आणि एवढे पाणी फुटलेल्या सांध्यातून जात असते तर ते पंपाची वाट पाहत थांबले नसते.

पंपाच्या खोलीत वाळूच्या फिल्टरवर सहा दिशांचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारी झडप, असतो. तो 'फिल्टर'वर असताना सांडपाण्याच्या नळीतून एक थेंबही जायला नको, पण त्या नळीवरच्या काचेत पाणी सतत वाहताना दिसत होते. व्हॉल्व्ह उघडल्यावर आतली चाकाच्या आऱ्यांसारखी रबरी गॅस्केट एका जागी वर आलेली आणि पिळवटलेली निघाली. पंप चालू ठेवून हँडल फिरवले की हेच होते. दोष आमच्याच घरातला होता: बॅकवॉशसाठी, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टरची वाळू धुण्यासाठी, हँडल फिरवताना पंप बंद करायचा असतो हे माळ्याला कोणी सांगितलेच नव्हते आणि तो बिचारा वर्षानुवर्षे तसाच हँडल फिरवत आला होता. नवी गॅस्केट बसवायला पाऊण तास लागला.

उरलेल्या एका सेंटिमीटरसाठी त्यांनी पंप बंद ठेवून पाणी आपोआप उतरू द्यायला सांगितले. स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खोक्याच्या, तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत पाणी पोहोचल्यावर, सहाव्या दिवशी, तलाव आणि बादली बरोबरीने उतरू लागली. याचा अर्थ त्या पातळीखाली तलाव कुठेही गळत नव्हता. भिंत, तळ आणि दिवा यांच्यावरचा आळ तिथेच मिटला. मग पातळी पुन्हा वाढवून, पाणी अगदी स्थिर असताना, स्किमरच्या तोंडाजवळ पिचकारीने थोडा रंग सोडला, तेव्हा रंगाची एक बारीक रेघ लादीच्या कडेत ओढली गेली. प्लास्टिकचा स्किमर आणि काँक्रीट यांचे आकुंचन-प्रसरण सारखे नसते, त्यामुळे त्यांच्यातला सांधा काही वर्षांनी सुटतो आणि अनेक घरगुती तलावांची गळती याच जागी निघते.

या संस्थेविषयी माझे मत सर्वाधिक अनुकूल झाले ते यानंतरच्या सल्ल्यामुळे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोहोचतो, आणि मढसारख्या समुद्राला लागून असलेल्या जागी पावसाळ्यात जमिनीतले पाणी तलावाच्या तळाच्या बरेच वर येते. भरलेला तलाव आपल्याच वजनाने खाली बसून राहतो, पण रिकाम्या तलावाला तेच पाणी खालून उचलते. लाद्या फुगतात, तळाला तडा जातो, आणि कधी कधी संपूर्ण हौदच वर सरकतो. तळात दाब सोडणारी झडप असते, पण आमची कधी कोणी तपासलेली नव्हती. पहिल्या ठेकेदाराचे सहा आठवडे बरोबर याच काळात पडत होते. पर्यवेक्षकांनी पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने सांधा तात्पुरता बुजवला आणि पक्के काम पावसाळ्यानंतर, तेही पाणी केवळ 20 सेंटिमीटर उतरवून करायचे ठरवले. त्याप्रमाणे नोव्हेंबरमध्ये सांध्याभोवती खोदून नवे सील भरले गेले. सगळा खर्च 38,000 रुपये झाला.

आता तक्रारी. पंपातून परतीच्या पाण्याबरोबर बुडबुडे येत होते, म्हणजे ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरत होती. कारण होते पंपाच्या झाकणाचे सुकलेले रबरी कडे. ते बदलून ग्रीस लावले की काम संपत होते, पण संस्थेच्या तंत्रज्ञाने आधी दीड अश्वशक्तीचा नवा पंप सुचवला. आमच्या तलावात सुमारे 45,000 लिटर पाणी आहे आणि सध्याचा एक अश्वशक्तीचा पंप ते साधारण चार तासांत एकदा गाळून काढतो. मोठा पंप लावला असता तर वाळूतून पाणी इतक्या वेगाने गेले असते की गाळण उलट बिघडले असते. हे मी बोलून दाखवल्यावर 'काका, मग राहू दे' असे म्हणून त्याने विषय सोडला, तरी ज्यांना हा हिशेब ठाऊक नसेल त्यांच्या गळ्यात तो पंप पडला असता, असे मला वाटते. मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राची शिफारसही अशीच, न विचारता झाली.

लेखी अहवाल पूर्ण इंग्रजीत आणि संक्षेपांनी भरलेला होता. माळ्यासाठी मला तो मराठीत पुन्हा लिहावा लागला. पाण्यातला दिवा लावला की विजेचा सुरक्षा स्विच पडतो, हा दोष त्यांनी पाहिला, जोडपेटीत पाणी शिरल्याचे सांगितले आणि विजेचे काम आम्ही करत नाही म्हणून सोडून दिले. पाण्यात माणसे उतरतात त्या ठिकाणी हा हात झटकणे मला रुचले नाही, निदान तो दिवा कायमचा बंद करून तरी जायला हवे होते. सील भरलेल्या जागेचा रंगही लादीशी जुळलेला नाही.

वार्षिक करार मी घेतलेला नाही. मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीनंतर अशा दोन भेटी ठरवल्या आहेत; बाकीच्या दिवसांत फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआयने (पीएसआय हे दाबमापकावरचे एकक) वाढला की माळी बॅकवॉश करतो, आणि हँडलच्या वर भिंतीवर 'आधी पंप बंद' असे त्यानेच लाल रंगात लिहून ठेवले आहे. डिसेंबरमध्ये एकदाही टँकर मागवावा लागला नाही.