पाण्याचा फिल्टर की नवी भांडी: आधी कशाला हात घालायचा?

गेल्या वर्षी एक जण पाण्याचं मशीन विकायला दारात आला. त्याने दोन काचेचे ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत विजेवर चालणाऱ्या धातूच्या कांड्या बुडवल्या. मिनिटभरात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी झालं आणि वर मळकट फेस आला. त्याच्या ग्लासातलं पाणी मात्र तसंच नितळ. "बघा, हे रोज तुमच्या पोटात जातं," तो म्हणाला. बायकोने काही न बोलता चिमूटभर मीठ आणून त्याच्या ग्लासात टाकलं आणि म्हणाली, "आता परत बुडवा." तेही पाणी तितकंच तपकिरी झालं.

त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की ती विरघळते आणि गंज तयार होतो. दिसतो तो त्या कांडीचा गंज, पाण्यातली घाण नव्हे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, क्षार काढलेल्यातून जवळजवळ वाहत नाही, एवढीच त्यातली जादू.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीने घरातली सगळी नॉनस्टिक भांडी बाहेर काढली होती आणि तिचा फोन आला, "दादा, आधी भांडी घेऊ की फिल्टर?" तिच्यासाठी जे शोधलं, तपासलं, ते इथे मांडतो आहे.

दोन्ही खरेद्या आरोग्याच्या नावाखाली होतात, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पाण्याच्या बाबतीत विचारायचं ते "माझ्या पाण्यात नेमकं काय आहे?" याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही. भांड्यांच्या बाबतीत विचारायचं ते "मी यात काय शिजवतो आणि किती आचेवर?" हे उत्तर रोज समोरच असतं. म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझं मत सरळ आहे: आधी पाणी. भांड्यांचा निम्मा धोका शेगडीचं बटण फिरवून कमी होतो, तोही फुकट.

टीडीएस मीटरवर मशीन ठरवू नका

विक्रेत्यांचं दुसरं आवडतं हत्यार म्हणजे टीडीएस मीटर. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. क्षारांचा आणि चवीचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरमागे ६०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चवीला चांगलं लागतं, १,००० च्या वर गेलं की नकोसं वाटू लागतं. पण मीटरला जंतू दिसत नाहीत, कीटकनाशकं दिसत नाहीत. आर्सेनिकचंच घ्या. त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. घरगुती मीटर पूर्ण आकड्यांत मोजतं. मर्यादेच्या दहापट आर्सेनिक असलं तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही. उलट टीडीएस ४०० असलेलं पाणी उत्तम असू शकतं, कारण त्यात बहुतेक कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षारच असू शकतात.

तेव्हा पहिला खर्च प्रयोगशाळेतल्या तपासणीचा. कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, शिसं आणि कठीणपणा एवढं तपासून घेतलं तरी निवड बरीच सोपी होते. रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवायचे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे: फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५०, शिसं ०.०१. शिसं बहुतेक वेळा उगमातून येत नाही, जुन्या पाइपांतून, जोडांतून आणि नळाच्या तोट्यांतून येतं. म्हणून त्यासाठीचा नमुना सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर भरायचा, आधी पाणी वाहू द्यायचं नाही. विहीर किंवा बोअरचं पाणी असेल तर तपासणी टाळण्यात अर्थच नाही.

कार्बन, यूएफ, यूव्ही, आरओ

पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत असेल, रिपोर्ट स्वच्छ असेल आणि तक्रार फक्त क्लोरीनच्या वासाची असेल, तर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा साधा फिल्टर पुरतो. कार्बन क्लोरीन, वास आणि बरीच सेंद्रिय रसायनं धरून ठेवतो. विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड त्यातून सुखरूप पार होतात. आणि साधा कार्बन जंतूंना अडवत नाही. क्लोरीन निघून गेल्यावर त्याच कार्बनमध्ये जंतू वाढूही शकतात, म्हणून कार्ट्रिज वेळेवर बदलावंच लागतं.

खरी तुलना यूएफ आणि यूव्ही यांच्यात करावी लागते, कारण दोघांचं काम जंतूंशी आहे. यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) ही गाळणी: छिद्रं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची. जिवाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्यात अडकतात, गढूळपणाही जातो, वीज लागत नाही. काही विषाणू मात्र निसटू शकतात. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, काही गाळत नाही. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जंतूंचा डीएनए बिघडवतो आणि त्यांची वाढ थांबते. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला फारशी भीक घालत नाही, यूव्ही मात्र त्याला निकामी करतो. पण पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांच्या सावलीत जंतू वाचतात, आणि वीज गेली की यूव्ही बंद. वीज बेभरवशाची असेल तर मी यूएफ घेईन. पाणी नितळ आहे पण जंतूंची शंका आहे, अशा वेळी यूव्ही. परवडत असेल तर दोन्ही एकामागे एक.

यूव्हीची एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. दिव्याचा निळा उजेड दिसत राहतो म्हणून तो काम करतो आहे असं वाटतं. पण जंतू मारणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि साधारण ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभरात, तो बराच क्षीण होतो. दिवा पेटलेला, काम मात्र संपलेलं.

आता आरओ, म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलून विरघळलेले क्षारही काढणारं मशीन. रिपोर्टमध्ये आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट किंवा शिसं मर्यादेबाहेर असेल, किंवा पाणी खारटच असेल, तर वरच्या तिघांवर विसंबू नका. इथे आरओ आपली किंमत वसूल करतो. (शिशासाठी खास प्रमाणित कार्बन ब्लॉक, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या कार्बनचा फिल्टर, हाही चालतो.) पाणी उकळून हे घटक जात नाहीत. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. उकळणं जंतूंसाठी: खळखळून उकळी आली की एक मिनिट, २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं. आर्सेनिकचा एक प्रकार आरओच्या पडद्यातूनही बऱ्यापैकी निसटतो, त्यामुळे त्यासाठी मशीन बसवलंत तर बसवल्यानंतरचं पाणी पुन्हा तपासा.

पण यातलं काहीच नसताना आरओ घेणं म्हणजे एका लिटरसाठी तीन ते पाच लिटर पाणी मोरीत सोडणं. कॅल्शियम-मॅग्नेशियमही जातं ते वेगळंच. शिवाय आरओचं पाणी स्वयंपाकाला वापरलं तर? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं आहे की खनिजं नसलेल्या पाण्यात शिजवल्यावर भाज्या, मांस आणि धान्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. नळाचं पाणी सुरक्षित असेल तर शिजवायला तेच घ्या.

खोक्यावरच्या शिक्क्यांबद्दल एवढंच: "एनएसएफ प्रमाणित" (एनएसएफ ही अमेरिकेतली प्रमाणपत्र देणारी संस्था) हे दोन शब्द पुरेसे नाहीत, पुढचा क्रमांक बघा. ४२ म्हणजे चव, वास, क्लोरीन. ५३ म्हणजे शिशासारखे आरोग्याला घातक घटक. ५५ यूव्हीसाठी, ५८ आरओसाठी. ४२ चा शिक्का दाखवून "शिसं काढतो" म्हणणारा विक्रेता भेटला तर दुकान बदला.

भांडी: भीती कुठली खरी

बहिणीची भीती नॉनस्टिकची होती. तव्याचा थर खरवडून निघाला होता आणि त्याचे कण पोटात गेले असतील या विचाराने तिची झोप उडाली होती. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. थर असतो पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा. त्याचा कण गिळला तर तो शरीरात न शोषला जाता जसाच्या तसा बाहेर पडतो. काळजीचं रसायन वेगळं: पीएफओए. ते हा थर बनवताना वापरलं जायचं, कारखान्यांतून नदी-नाल्यांत आणि भूजलात गेलं, आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं टिकतं. २०१९ साली स्टॉकहोम करारात, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, त्याचा समावेश झाला, २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे या कुळातल्या रसायनांची चिंता असेल तर तव्याइतकंच, किंबहुना जास्त, पाण्याकडे बघायला हवं. कार्बन ब्लॉक आणि आरओ ती कमी करतात. यूव्ही, यूएफ आणि उकळणं काही करत नाही.

"पीएफओए-फ्री" लिहिलेल्या तव्यात त्याच कुळातलं दुसरं काही नाही, असा अर्थ होत नाही. मुळात आज बाजारात येणाऱ्या बहुतेक तव्यांवर ते लिहिलेलंच असतं.

नॉनस्टिकचा खरा धोका आच आहे. २६० अंश सेल्सिअसच्या वर थर बिघडू लागतो, ३५० च्या पुढे वेगाने विघटन होऊन विषारी वाफा निघतात. त्याने माणसाला फ्लूसारखा ताप येतो, पिंजऱ्यातले पक्षी मरतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच २६० गाठतो, म्हणजे "तवा तापेपर्यंत फोन घेते" म्हणालं की झालंच. मध्यम आच, लाकडी उलथनं, आत काहीतरी घातल्याशिवाय गॅस नाही. एवढं पाळलं तर नॉनस्टिक वापरायला मला अडचण वाटत नाही. थर सोलपटायला लागला की मात्र टाका, विषाच्या भीतीने नव्हे, तर भाजणं-चिकटणं सुरू झालं की तो तवा कशालाच उपयोगाचा नसतो म्हणून.

सिरॅमिक म्हणून विकली जाणारी भांडी खरी सिरॅमिक नसतात. ॲल्युमिनियमवर सिलिकाचा पातळ लेप असतो. त्यात पीटीएफई नाही, जास्त आच सोसतो. पण वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीतपणा जातो. दर दोन वर्षांनी तवा बदलायची तयारी असेल तर घ्या.

रोजच्या वापराचं भांडं म्हणून माझा कौल स्टेनलेस स्टीलला. खालच्या बाजूला १८/८ किंवा १८/१० कोरलेलं बघा: १८ टक्के क्रोमियम, ८ ते १० टक्के निकेल. स्वस्त भांडी बऱ्याचदा २०० मालिकेच्या स्टीलची असतात. त्यात निकेल कमी, मँगेनीज जास्त आणि गंजाला प्रतिकारही कमी. दुकानात लोक लोहचुंबक लावून बघतात, त्याने हा फरक कळत नाही, कारण दोन्ही प्रकार चुंबकाला फारसे चिकटत नाहीत. आणि ज्या ४३० स्टीलला चुंबक घट्ट चिकटतो त्यात निकेल जवळजवळ नसतंच, म्हणून निकेलची ॲलर्जी असलेल्यांना तेच सोयीचं. नव्या स्टीलमध्ये टोमॅटोसारखं आंबट तासन्‌तास शिजवलं तर निकेल आणि क्रोमियम थोडं उतरतं. पहिल्या काही वापरांनंतर ते बरंच घटतं.

"स्टीलला चिकटतं" ही तक्रार तापमानाची असते. मध्यम आचेवर पातेलं तापू द्या आणि पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून उडून गेला तर अजून वेळ आहे. थेंब गोळी होऊन पाऱ्यासारखा तळावर घरंगळायला लागला की पातेलं तयार. आच कमी करा, तेल घाला, मग पदार्थ. बहिणीला हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तेव्हा तिने पंधरा मिनिटं नुसते थेंबच टाकले.

बिडाचा तवा दणकट आणि मोठी आच सोसणारा, नॉनस्टिकच्या जवळपास जाणारा तोच एक. आंबट पदार्थात लोह उतरतं, जे रक्त कमी असलेल्यांना फायद्याचं आणि शरीरात लोह साठण्याचा विकार असलेल्यांना तोट्याचं. ओला ठेवू नका, धुऊन गॅसवर सुकवा आणि तेलाचा हात फिरवा.

साधं ॲल्युमिनियम आंबट पदार्थांसाठी नको, हार्ड ॲनोडाइज्ड असेल तर बरं. भंगारातून ओतलेली, ठसा नसलेली ॲल्युमिनियमची भांडी मात्र अजिबात नको, त्यांत शिसं असू शकतं. तांब्या-पितळेला कल्हई हवीच, आणि कल्हईचं कथील २३२ अंशांवर वितळतं, तेव्हा तेही रिकामं तापवायचं नाही. काच निष्क्रिय, पण तापलेली गार ओट्यावर ठेवली की तडकते. इनॅमलचा टवका उडाला की निवृत्त करा.

बहिणीच्या घरी शेवटी असं झालं: रिपोर्टमध्ये जंतू सापडले, बाकी सगळं मर्यादेत. तिने आरओ न घेता कार्बन, यूएफ आणि यूव्ही असलेलं मशीन घेतलं. भांड्यांत दोन स्टीलची पातेली आणि बिडाचा एक तवा आला. जुन्या नॉनस्टिकमधला एकच धड होता, तो अंड्यांसाठी ठेवला. मशीनच्या झाकणाच्या आत तिने पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि त्यावर मार्करने दोन तारखा लिहिल्या आहेत, एक कार्ट्रिजची, एक दिव्याची.