हेडफोन अँप्लिफायरसाठी दोन ट्यूबची तुलना
कोल्हापुरात घरी हेडफोन अँप्लिफायरमध्ये जेजे ई८८सीसी आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ६९२२ या ट्यूब (ध्वनिसंकेत वाढवणाऱ्या निर्वात काचनळ्या) आलटून पालटून लावल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात कसोटीसाठी त्याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचेच गायन घ्यावेसे वाटले, कारण त्यांच्या तानांची वळणे पुसट झाली की ट्यूबचा दोष लगेच जाणवतो. स्लोव्हाकियातील जेजेमध्ये स्वर भरदार लागतो, तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा झंकार) मात्र किंचित मागे राहते. रशियन ६९२२ मध्ये ती स्वच्छ उलगडते आणि म्हणूनच माझी पसंती तिला आहे. ६एन१पी ही आणखी एक ट्यूब याच सॉकेटमध्ये बसते, परंतु तिचा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) ६९२२ च्या ३०० ऐवजी सुमारे ६०० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेत असल्याने ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासल्याशिवाय ती मुळीच लावू नये. ट्यूबमधील दोन ट्रायोड (संकेत वाढवणारे स्वतंत्र भाग) डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेले असल्यास ते जुळवलेले आहेत याची खरेदीपूर्वीच खात्री करावी.