क्विक रिलीज हबचा प्ले: कोणता हब दुरुस्त करावा, कोणता फेकावा

स्टेअरिंग सरळ धरून डावी-उजवीकडे हलकेच झटका दिला की 'टिक-टिक' ऐकू येतं. क्विक रिलीज हब म्हणजे स्टेअरिंग झटकन काढता यावं म्हणून ते आणि कॉलम यांच्यामध्ये बसवलेला सांधा. तो बसवलेल्या बहुतेक गाड्यांत आज ना उद्या हा प्ले, म्हणजे सैलपणा, सुरू होतो, आणि दोष थेट हबवर टाकला जातो. निम्म्या वेळा तो हबचा नसतोच. म्हणून हबांबद्दल बोलण्याआधी मोजणीबद्दल.

पुढची चाकं जमिनीवर सरळ ठेवा. एकाने बोनेटखाली कॉलमचा खालचा युनिव्हर्सल जॉइंट घट्ट पकडायचा, दुसऱ्याने स्टेअरिंग हलवायचं. रिमवर चिकटपट्टी लावून पेनने रेघ मारा आणि डॅशला बांधलेली तार तिच्यासमोर आणा. रेघ किती सरकते ते पट्टीने मोजा. मग एकेक सांधा बोटांनी चाचपत खाली जा: रिमचे सहा स्क्रू, क्विक रिलीज, बॉस किट (हबला कॉलमशी जोडणारा तुकडा), बॉसचा नट, कॉलमचा वरचा बुश (आतून बसवलेली नळी), जॉइंटचा पिंच बोल्ट. सांध्याच्या दोन्ही बाजूंवर एकेक बोट ठेवलं की कुठे हालचाल होते ते लगेच कळतं. केटरहॅम सेव्हनसारख्या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत कॉलमचा वरचा बुश प्लास्टिकचा असतो आणि झिजतो. तो झिजला की स्टेअरिंग वर-खाली डुलतं, पण फिरवताना टिक होत नाही. डुलणं आणि फिरतानाचा प्ले हे दोन वेगळे आजार आहेत, दोघांना एकच औषध चालत नाही.

आता हब. ऑनलाइन सर्वात जास्त खपतो तो बॉल-लॉकचा, ॲल्युमिनियमचा, रंगीत ॲनोडाइझ केलेला. दोन बटणं दाबली किंवा रिंग ओढली की सुटतो. जपानी आणि अमेरिकी नावाजलेल्या कंपन्यांचे असतात, आणि काही हजारांत त्यांच्या नकलाही मिळतात. फोटोत फरक दिसत नाही, हातात घेतल्यावर दिसतो. यातल्या गोळ्यांचं काम फक्त स्टेअरिंग कॉलमपासून सुटू न देणं. फिरवण्याचा जोर येतो दोन-तीन पिनांवर किंवा खाचांवर. नकलेत या पिना थेट ॲल्युमिनियमच्या भोकात बसतात, स्टीलचा बुश नसतो. सगळी रड इथेच आहे.

थोडं गणित. ३५० मिमी रिमला दोन्ही हातांनी प्रत्येकी २० किलोचा जोर लावला तर साधारण ७० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. पिना ५० मिमी व्यासाच्या वर्तुळावर दोन असतील तर प्रत्येकीवर १४०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १४० किलोचं वजन. बंद गाडीचं जड स्टेअरिंग पार्किंगमध्ये फिरवताना हे सहज होतं. भोकात सुरुवातीलाच फट असेल तर हा जोर दाबासारखा येत नाही, हातोडीसारखा येतो, आणि भोक लंबगोल होत जातं. पिनेपाशी ०.१ मिमी फट म्हणजे रिमवर ०.७ मिमी. ऐकायला किरकोळ, पण रिमवर १ मिमीच्या वर गेलं की हाताला सतत जाणवतं.

बॉल-लॉक हबचा पहिला उपाय फुकटचा आहे. रिमचे सहा एम५ स्क्रू काढा, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि समोरासमोरच्या क्रमाने ५ न्यूटन-मीटरला कसा. त्याहून जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. मोमो, स्पार्को, ओएमपी यांच्या रिमला ७० मिमीच्या वर्तुळावर सहा भोकं असतात, नार्डीला ७४. भोकं लांबट करून एकाची रिम दुसऱ्याच्या हबवर चढवलेली असेल तर प्ले तिथूनच येतो आणि स्क्रू कितीही कसले तरी परत येतो. ॲडॉप्टर प्लेट घ्या, कानस ठेवून द्या.

दुसरं, गोळ्या आणि त्यांची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. ग्रीस भरू नका. ग्रीस आणि ब्रेकची धूळ मिळून घासायची पेस्ट होते. कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण पुरतं.

तिसरा उपाय सगळे सांगतात: दोन्ही तोंडांमध्ये ओ-रिंग. नायट्राइलची, १.५ ते २ मिमी जाडीची, आणि खोबणीत बसून साधारण पाव हिस्सा दबेल अशी. तिने गोळ्यांवर कायम ताण राहतो आणि खडखड थांबते. पण ती डुलण्यावरचा इलाज आहे. फिरतानाचा प्ले तिने फारसा जात नाही, फक्त आवाज दबतो. शिवाय रिंग जाड घेतली तर लॉक पूर्ण बसत नाही. लॉकची रिंग स्वतःहून मागे येऊन खट्ट आवाज झालाच पाहिजे. बोटाने ढकलून बसवावी लागत असेल तर ती ओ-रिंग काढून टाका. वळणात स्टेअरिंग हातात येण्यापेक्षा खडखड परवडली.

फिरतानाचा प्ले घालवायचा तर लेथवाल्याकडे जायचं. ६ मिमी पिनेचं भोक लंबगोल झालं असेल तर मिलिंगवर केंद्र पकडून ते रीमरने अचूक १० मिमी एच७ला मोठं करा (एच७, पी६, जी६ या मापातल्या सुटीच्या ठरलेल्या खुणा). भोवती मांस कमी असेल तर ८ला. ईएन२४ स्टीलचा बुश पी६ फिटमध्ये दाबून बसवा आणि वर रिटेनिंग कंपाउंड लावा. बुशचं आतलं भोक आधीच ६ करून ठेवू नका, दाबताना तो आत चेपतो. ५.८ ठेवा आणि बसल्यावर ६ एच७चा रीमर फिरवा. म्हणूनच बुश हार्डन केलेला नको, पिन मात्र हार्डन केलेली हवी. पिन जी६ला घासून घेतली की फट ४ ते २४ मायक्रॉन राहते. स्टेअरिंग हाताने सुटतं आणि टिक होत नाही. भोकं समोरासमोर असतील तर दोन्ही एकाच सेटिंगमध्ये करा. एक आज, एक उद्या असं केलं तर हब अडकतो, आणि अडकलेला क्विक रिलीज हा मुळात क्विक रिलीजच नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हे काम एका दुपारचं आहे. रेखाटन मात्र मापांसकट कागदावर द्या. 'जरा टाईट करून द्या' म्हटलं की जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

षटकोनी हबबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बाहेरची कॉलर ओढली की सुटतो, बांधणी साधी, किंमत कमी. पण सगळा जोर सहा कोपऱ्यांवर येतो, आणि ॲल्युमिनियमच्या कॉलरमध्ये कोपरे गोलावले की परत येत नाहीत. एम६ आटे पाडून नायलॉन टोकाचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) दाबण्याची युक्ती प्रचलित आहे. प्ले जातो, पण सुटण्याआधी ॲलन की शोधावी लागते. ट्रॅकच्या गाडीत हे करू नये.

स्प्लाइनचा (दातेरी शाफ्टचा), कॉलमवर वेल्ड करायचा हब हाच आमच्या मते पैसे टाकण्यासारखा. ३६ दात आणि साधारण ९.५ मिमी त्रिज्या धरली तर तेच ७० न्यूटन-मीटर प्रत्येक दातावर जेमतेम २०० न्यूटन पडतात, तेही स्टीलवर. उलट बाजूही सांगायला हवी: त्रिज्या लहान असल्याने दातातली ०.०५ मिमी फटसुद्धा रिमवर जवळजवळ १ मिमी होते. म्हणून स्वस्त स्प्लाइन हा स्वस्त बॉल-लॉकपेक्षाही वाईट. विकत घेताना दोन्ही भाग जोडून रिमच्या लांबीची पट्टी बांधा आणि दुकानातच हलवून पाहा. झिजलेल्या स्प्लाइनला दुरुस्ती नाही, जोडी बदलायची. पितळी शिम किंवा टेफ्लॉन टेप घालणारे आहेत. तुकडे सुटून लॉकमध्ये जातात. स्टील भरलेल्या इपॉक्सीचा साचा काही काळ चालतो, पण तो तात्पुरता हे लक्षात ठेवा.

यात बिघाड बहुधा वेल्डिंगमध्ये होतो. उष्णतेने शाफ्ट वाकडा झाला की एका बाजूला आवळ, दुसऱ्या बाजूला सैल. टिग वेल्डिंग वापरा. समोरासमोर चार टाके, थंड होऊ द्या, मग छोट्या टप्प्यांत पूर्ण करा. स्टेअरिंगकडचा भाग त्या वेळी लावलेला नको, त्यातली रबरं आणि स्प्रिंग जातात. शेवटी डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) भेग तपासा. हा सांधा तुटला तर गाडीला स्टेअरिंग उरत नाही.

प्रमाणपत्राबद्दल: अमेरिकी हबवर एसएफआय ४२.१ची (रेसिंगच्या सुरक्षा सामानाच्या अमेरिकी मानकाची) चिठ्ठी पाहा. एफआयएच्या (जागतिक मोटार रेसिंग संघटनेच्या) नियमात हब सोडवणारी फ्लँज (गोल कड) पिवळी हवी आणि ती स्टेअरिंगच्या अक्षावर ओढून हब सुटला पाहिजे. म्हणजे बटणाचे निळे-जांभळे हब तिथे बाद. फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या) गाड्या बांधणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कॉलेजांसाठी प्लेची मर्यादा आहे एकूण ७ अंश, स्टेअरिंगवर मोजून. २५० मिमी रिमवर हे १५ मिमी होतात. उदार वाटतं, पण त्यात रॅक आणि जॉइंट सगळे आले. शिवाय हातमोजे घालून, बसल्या जागेवरून हब सुटला पाहिजे, तेव्हा स्पर्धेसाठी कोइंबतूरला जाण्याआधी तेही हातमोजे घालूनच तपासा.

रस्त्यावरच्या गाडीत हब बसवायचा म्हणजे एअरबॅग काढणं आलं, आणि मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं, कलम ५२ आडवं येतं. ही ट्रॅकची वस्तू आहे.

दुरुस्तीनंतर इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, मग जोरात मागे ओढा. दहा वेळा काढा-लावा, दर वेळी लॉकचा आवाज ऐका. हॉर्नही वाजवून पाहा. ओ-रिंग किंवा शिमने तोंडं अर्धा मिमी जरी लांब गेली तरी हॉर्नचे स्प्रिंगवाले संपर्क टेकत नाहीत, आणि मग लोक वायरिंग उचकटत बसतात.